कुचाचा हुकूम आणि शिपायाची रजा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत पराक्रमाच्या कथा दरवर्षी येतात. कोणत्या घराण्याचा कोणता पुरुष कोणत्या रणात पडला, कोणास कोणती सनद मिळाली, कोणत्या गावची पाटिलकी कोणत्या तलवारीच्या बळावर आली, याची उजळणी आपण अभिमानाने करतो, आणि ती करावीच. परंतु लढाईचा दिवस वर्षातून एखादा. उरलेले सारे वर्ष फौजेला माणसे पुरवावी लागतात, त्यांच्या पोटाची सोय पाहावी लागते, त्यांचा पगार चुकता करावा लागतो आणि ती मध्येच घरी निघून जाणार नाहीत याची तजवीज ठेवावी लागते. या खटपटीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही तोच विषय निवडला आहे.

प्रश्न साधा आहे. फौजेत माणसे कमी पडू लागली म्हणजे राज्यकर्त्यापुढे दोन वाटा असतात. नवी माणसे मिळवावी, ही पहिली. आणि जी हाताशी आहेत त्यांस कुचाच्या आधी चाकरी सोडू देऊ नये, ही दुसरी. पहिल्या वाटेला पैसा लागतो, वेळ लागतो आणि लोकांचा विश्वास लागतो. दुसऱ्या वाटेला एक हुकूम पुरतो. म्हणून राज्य कोणाचेही असो, बहुधा दुसरी वाट आधी धरली जाते. आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. उदगीर, औसा आणि कंधारचे किल्ले, गोदावरीचे उतार, हिंगोली आणि मोमिनाबाद येथील छावण्या, या साऱ्यांवरून मोगल, मराठे, निजाम आणि इंग्रज यांच्या फौजा गेल्या. त्या फौजांतील साध्या माणसाची चाकरी कशी सुरू होई आणि कशी सुटे, हे येथे थोडक्यात पाहू.

दसरा ते वैशाख

शिवछत्रपतींच्या लष्करी व्यवस्थेची माहिती कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहून ठेवली. तीवरून दिसते की पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असावी, आणि दसरा होताच लष्कराने बाहेर पडावे, असा नेम होता. जाताना प्रत्येक माणसाच्या सामानाची याद होई. आठ महिने परमुलखात काढून वैशाखात लष्कर परत आले म्हणजे त्या यादीशी ताळा घालून झडती होई. नव्या माणसाला चाकरीत घेताना आधीपासून चाकरीत असलेल्यांचा जामीन घेण्याची चाल होती.

या व्यवस्थेतील मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. शिपाई हा शेतकऱ्याचा मुलगा होता. मृगाच्या तोंडाशी त्याचे मन शेताकडे ओढ घेणार, हे राज्यकर्त्यास ठाऊक होते. ती ओढ गुन्हा न समजता वर्षाच्या हिशेबात धरली होती. घरी केव्हा जाता येईल हे शिपायास निघतानाच माहीत असे. त्यामुळे मध्येच पळून जाण्याचे कारण पुष्कळ अंशी नाहीसे होई. जामिनाचा बंद होता, झडतीचा कडकपणा होता, पण त्यांच्या जोडीला परतीची निश्चित मुदतही होती. बंद आणि मुदत या दोहोंचा मेळ जेथे बसला तेथे फौज टिकली, आणि जेथे मुदत नाहीशी होऊन नुसता बंद उरला तेथे ती खचली, असे पुढील दीडदोनशे वर्षांचा इतिहास सांगतो.

शिलेदाराची नालबंदी

पेशवाईत फौजेचा विस्तार झाला आणि तिची घडणही बदलली. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. मोहीम ठरली म्हणजे शिलेदारास तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याला नाल ठोकून, खोगीर दुरुस्त करून, घरात चार पायल्या दाणा ठेवून तो निघे. नालबंदी घेतली म्हणजे त्याने शब्द दिला असे समजले जाई. नालबंदी घेऊन घरी बसणे ही लाजिरवाणी गोष्ट होती आणि सरकारच्या दृष्टीने तो अपराधही होता.

पण या करारात शिलेदाराची एक मोठी अडचण होती. घोडा हीच त्याची सारी दौलत. घोडा पडला म्हणजे चाकरी गेली, आणि पुष्कळदा जमीनही गहाण पडली. म्हणून तो घोड्याच्या जिवाला आपल्या जिवाइतका जपे आणि पगार थकला की आधी घराचा विचार करी. उलट पगार थकल्यावर शिपायांनी सरदाराच्या दारात धरणे धरून बसावे, बाकी चुकती केल्याशिवाय त्याला हलू देऊ नये, असेही प्रसंग मराठी फौजांत वारंवार घडले. सरकार शिपायाला अडवी, तसा शिपाईही सरदाराला अडवी. अडवणूक दोन्ही बाजूंनी चाले, आणि तिच्या मुळाशी थकलेली बाकी असे.

येथे एका चांगल्या चालीचाही उल्लेख केला पाहिजे. चाकरीत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांस सरकारातून जी नेमणूक मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. आपण पडलो तर घर उघडे पडणार नाही, एवढी खात्री शिपायाला मिळाली की तो कुचाच्या दिवशी मागे पाहत नाही. हा अनुभव त्या काळच्या कारभाऱ्यांस होता.

उदगीर ते पानिपत

आता आपल्या मुलखातील मोठ्या प्रसंगाकडे येऊ. १७५९ च्या नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला आणि निजामाशी युद्ध पेटले. सलाबतजंग आणि निजाम अली यांची फौज उदगीरकडून धारूरकडे सरकू पाहत होती. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने तिला वाटेत घेरले, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या आसमंतात निर्णायक लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूने इब्राहीमखान गारदी याचा तोफखाना आणि कवायती पायदळ होते. हाच इब्राहीमखान पूर्वी निजामाच्या चाकरीत होता. ज्याच्या हाताखाली गोळागोळीचे काम शिकलेली माणसे आहेत असा सरदार एका दरबाराने गमावला आणि दुसऱ्याने उचलला; त्याचे फळ उदगीरच्या मैदानावर दिसले. तहात दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड, विजापूर ही स्थळे आणि सुमारे ६० लक्षांचा मुलूख मराठ्यांस मिळाला.

विजय मोठा होता, पण तो साजरा करण्यास सवड मिळाली नाही. दिल्लीजवळ बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी उदगीरच्या धामधुमीनंतर दक्षिणेत पोहोचली, परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि मार्च १७६० च्या मध्यास भाऊंनी तेथून कूच केले. म्हणजे उदगीरची लढाई आणि हिंदुस्थानचे कूच यांत जेमतेम सहा आठवड्यांचे अंतर होते. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला शिलेदार जुन्या शिरस्त्याप्रमाणे वैशाखात घरी परतावयाचा. त्याच्या नशिबी या वेळी चैत्रात नर्मदेची वाट आली. परतीची मुदत कोणाला सांगता येत नव्हती.

एवढ्यावर भागले नाही. निजाम दुखावलेला होता, म्हणून दक्षिणेतही फौज ठेवणे भाग होते. नागपूरकर जानोजी भोसले उत्तरेच्या मोहिमेत गेले नाहीत. थोडक्यात, दोन आघाड्या आणि एकीपुरती माणसे, अशी अवस्था होती. उत्तरेत पैशाची ओढ इतकी झाली की ऑगस्टात दिल्ली हाती आल्यावर तेथील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे नाणे पाडावे लागले. पुढे पानिपतावर रसद तुटली, जनावरे मेली, माणसे उपाशी राहिली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले ते प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. इब्राहीमखानाचे गारदी शेवटपर्यंत उभे राहिले. पुष्कळ लेखक याचे श्रेय केवळ कवायतीला देतात. गारद्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला रोख देण्याचा करार होता, हेही त्या जोडीला सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पानिपताचा दोष कोणा एका माणसाच्या माथी मारण्याचा उद्योग दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आम्हांस त्यात पडावयाचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की उदगीरहून थेट पानिपताकडे वळविलेल्या फौजेची विश्रांती, रजा आणि बाकी यांचा हिशेब त्या पराभवाच्या कारणांत मांडला पाहिजे. घरी न गेलेला शिपाई शूर असतो, पण थकलेलाही असतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे दिसली. पानिपतामुळे मराठ्यांचे बळ घटलेले पाहून निजाम अलीने उचल खाल्ली होती. जानोजी भोसले त्यास मिळाले होते, पण ऐन वेळी ते पुन्हा पेशव्यांच्या बाजूस आले. निजामाची अर्धी फौज गोदावरी उतरून गेली, अर्धी विठ्ठल सुंदर याच्याबरोबर अलीकडे राहिली, आणि नदीला पूर आला. तरुण माधवरावांनी अलीकडील फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर पडला. ऐन श्रावणात, शेतकरी शिपायाचे मन शेतात असण्याच्या दिवसांत, मराठी फौज उभी राहिली. आपल्या घराच्या उंबऱ्यावरील लढाईला माणूस रजा मागत नाही, हेच यातून दिसते.

निजामाची उसनी फौज

उदगीर पुढे निजामाच्या राज्यातच राहिले, आणि आपला सारा मुलूखही. त्या राज्यात फौजेची चणचण निराळ्या रूपाने दिसली. दरबारास स्थानिक रयतेवर भरवसा कमी, आणि खजिना नेहमी रिकामा. म्हणून बाहेरची माणसे आणावी, त्यांचा पगार थकवावा आणि मग त्यांनीच दरबारास वेठीस धरावे, असे चक्र चाले. अरब पथके बाकीसाठी अधिकाऱ्यांस कोंडून ठेवीत. १८३२ च्या सुमारास दिवाण चंदुलाल याच्या काळात महाराजा रणजितसिंगांच्या दरबारातून शीख स्वार आणविले गेले. त्यांस लाहोरी फौज म्हणत. काही वर्षांच्या चाकरीसाठी आलेली ही माणसे परत गेली नाहीत. दक्षिणेतील शीख समाजात त्यांचे वंशज आहेत, आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांच्या निर्वाणाने पावन झालेले नांदेड हे त्यांचे तीर्थ होय. राज्याने उसनी आणलेली माणसे या मातीची झाली, ही या कहाणीतील समाधानाची गोष्ट.

पगार थकल्यामुळे निजामाच्या पलटणींत बंडाळी झाली, तेव्हा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटण उभी केली. ती रसेल ब्रिगेड. तिचेच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाले. या पलटणीने १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याच्या हुकमतीखाली नांदेडच्या उत्तरेकडील नोव्हा येथील किल्ल्याला वेढा घातला. किल्ला हटकर नाईक नोवसाजी यांचा, आणि आत लढणारी शिबंदी मुख्यतः अरबांची. जानेवारीअखेर किल्ला हल्ला करून घेतला गेला. आतील फारच थोडे लोक वाचले. ‘नोव्हा’ हे नाव त्या पलटणीच्या रणमानांच्या यादीत कोरले गेले. आपल्या मुलखातील एका गढीचे नाव ज्या पलटणीच्या निशाणाला मिळाले, तिच्याविरुद्ध लढणारा नाईकही आपल्याच मुलखातला होता, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

कंटिंजंटच्या छावण्या हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद वगैरे ठिकाणी होत्या. त्यांचा खर्च निजामाने द्यावयाचा. तो वेळेवर देता यावा म्हणून पामर कंपनीसारख्या सावकारांचे कर्ज काढले गेले, आणि शेवटी बाकी इतकी फुगली की २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. त्यापैकी रायचूर आणि धाराशिव १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ च्या कराराने ते वर्षाला २५ लक्षांच्या खंडाने कायमचे इंग्रजांकडे राहिले. शिपायाची बाकी थकविण्याची किंमत एका राज्याला एका प्रांताने मोजावी लागली. लष्कराच्या कारभारात याहून कडवा धडा दुसरा नसेल.

असामी आणि राजीनामा

कंपनी सरकारने या प्रश्नाला कायद्याची भाषा दिली. त्यांच्या बंगाल फौजेत भरतीच्या वेळी शिपायास ज्या अटी वाचून दाखवीत, त्यांत नाव कमी करून घेण्याचीही अट होती. तीन वर्षे चाकरी झाल्यावर शिपायाने अर्ज करावा, तो दोन महिन्यांत मोकळा होईल. मात्र काळ शांततेचा असला पाहिजे आणि त्याच्या कंपनीत ठरल्या संख्येपेक्षा फार जागा रिकाम्या नसल्या पाहिजेत. लढाई चालू असेल तर ती संपेतो त्याने राहिले पाहिजे. आमच्या विषयाचे सारे सार या एका कलमात आले आहे. शिपायाचा हक्क मान्य आहे, पण पलटणीतील रिकाम्या जागा त्या हक्कावर मात करतात. जागा भरणे सरकारचे काम; ती न भरल्या तर अडकून पडावयाचे शिपायाने. १८५६ साली नव्या रंगरुटांस समुद्रापलीकडे जाण्याचे बंधनही घालण्यात आले, आणि त्याचा असंतोष पुढील वर्षीच्या उठावात मिसळला.

रिसाल्यांत याहून निराळा बंद होता. इंग्रजांनी शिलेदारी पद्धत उचलली आणि तिचा ‘सिलादार’ असा उच्चार केला. स्वाराने भरती होताना घोडा आणि सामान यांपोटी ठरावीक रक्कम भरावयाची. त्या जागेस असामी म्हणत. चाकरी सोडताना ती रक्कम परत मिळे. घरच्या जमिनीवर कर्ज काढून असामी घेतलेल्या स्वारास कुचाच्या आधी सोडून जाण्याचे धाडस होत नसे. बंद पैशाचा होता, आणि जोवर रिसाला आपल्या छावणीत होता तोवर तो सुखाने चालला. १९१४ च्या महायुद्धात घोडे हजारांनी मेले, नवे घोडे आणि नवे स्वार सरकारलाच पुरवावे लागले, आणि ही पद्धत मोडली; १९२१ च्या सुमारास ती रद्द झाली.

बंद केलेले दरवाजे

१९०३ साली कंटिंजंट इंग्रजी फौजेत विलीन झाले. हिंगोली आणि मोमिनाबाद येथील छावण्या उठल्या. त्याच सुमारास भरतीचे धोरणही बदलले होते. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मताने दक्षिणेतील लोकांची लढाऊ वृत्ती मावळली होती. खरी शिपाईगिरी उत्तरेतील काही जातींतच उरली होती. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. निवृत्त पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तो प्रश्न धसास लावला. कंटिंजंटच्या जुन्या पलटणींतही भरतीचा ओघ उत्तरेकडे वळला. १९२२ साली त्यांची १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, पण तिच्यात कुमाऊनी, अहीर, जाट यांचा भरणा इतका वाढला की २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले.

या धोरणाचा परिणाम महायुद्धात दिसला. आपल्या दख्खनी रिसाल्यांपैकी २० वे डेक्कन हॉर्स फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि १४ जुलै १९१६ रोजी हाय वूड येथे त्यांनी घोड्यावरून चढाई केली. निजामाचे हैदराबाद लान्सर्स सुएझ आणि पॅलेस्टाईनमध्ये होते. मेसोपोटेमियात कूट येथे एप्रिल १९१६ मध्ये शरण आलेल्या फौजेत मराठा पलटणींचे लोक होते. माणसे झपाट्याने कमी होऊ लागली. राखीव दल कागदावर होते; बोलावणे गेले तेव्हा त्यातील पुष्कळ लोक वयाने आणि प्रकृतीने निकामी ठरले. लढाई चालू असेतो नाव कमी करून घेण्याची वाट बंद होती. तरी तुटवडा भरेना, तेव्हा ‘लढाऊ नाहीत’ म्हणून ज्यांस परत पाठविले होते त्यांचीच दारे सरकारने ठोठावली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. पुन्हा महायुद्ध पेटले, पुन्हा तुटवडा पडला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्या वेळी संरक्षण सल्लागार समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

यावरून जे अनुमान निघते ते आपल्या सर्व ज्ञातिबांधवांनी विचारात घ्यावे. मनुष्यबळाचा तुटवडा नेहमी माणसे नाहीत म्हणून पडत नाही. पुष्कळदा तो दारे बंद केल्यामुळे पडतो. आणि दारे बंद करणारा माणूस मग आत असलेल्यांच्याच पायांत बेडी घालतो. कोणत्याही ज्ञातीने ‘आम्हीच तेवढे लढवय्ये’ असा टेंभा मिरवू नये, याचे एक कारण हेही आहे. ती भाषा आपली नव्हे. ती रॉबर्ट्स साहेबाची.

स्वराज्यातील शिपाई

निजामी राज्याचा शेवट १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत झाला. राज्याची नियमित फौज होती, रझाकारांची त्याहून मोठी जमात होती, पण प्रजेचा विश्वास नव्हता, आणि विश्वासाशिवाय संख्या कुचकामाची ठरते. उलट स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातील ज्या तरुणांनी झुंज दिली, त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. त्यांस पगार नव्हता, रजा नव्हती आणि कोणी अडविलेलेही नव्हते.

स्वराज्यात बंधनाचा पाया बदलला. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांस मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला, आणि १९५० च्या सेना कायद्याने चाकरीचे नियम ठरविले. पळून जाण्यास एरवी सात वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु शिपाई प्रत्यक्ष युद्धसेवेत असेल, किंवा युद्धसेवेचा हुकूम झालेला असेल, तर त्याच अपराधास मृत्युदंडापर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे कुचाचा हुकूम निघण्याचा क्षण हा कायद्यातही सीमारेषा ठरला. नालबंदीच्या काळी जी गोष्ट शब्दाची होती ती येथे कलमाची झाली.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि २६ ऑक्टोबर रोजी आणीबाणी जाहीर झाली. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. तेव्हा फौज ८ लक्ष २५ हजारांपर्यंत वाढविण्याची योजना आखली गेली. अधिकाऱ्यांचा तुटवडा भरून काढण्यासाठी आणीबाणीचे कमिशन देऊन तरुणांस घेतले. त्यांतील पुष्कळांनी १९६५ चे युद्ध लढले, आणि पुढे मुदत संपल्यावर त्यांस पुन्हा नागरी जीवनात उभे राहावे लागले. येथे राज्यकर्त्यांनी पहिली, म्हणजे नवी माणसे घेण्याची वाट धरली, याचे आम्हांस समाधान वाटते.

अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न पुढेही राहिला आहे. २०१९ साली वायुसेनेतील एका सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नागरी नोकरीसाठी सेना सोडण्याचा अनिर्बंध हक्क सैनिकास नाही. सेनेची गरज प्रथम. निर्णय न्याय्यच आहे, कारण वर्षानुवर्षे शिकविलेला माणूस गेला तर जागा महिन्यादोन महिन्यांत भरत नाही. परंतु सेनेची गरज प्रथम म्हणणाऱ्या राज्याने भरतीचा ओघ अखंड ठेवणे, हे त्याचे कर्तव्यही तितकेच प्रथम आहे. कोरोनाच्या साथीमुळे सुमारे दोन वर्षे सैन्यभरती थांबली. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या कित्येक मुलांचे वय त्या काळात उलटत गेले. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, आणि त्या वर्षापुरती वयाची मर्यादा २३ पर्यंत वाढवावी लागली. या योजनेत चाकरी चार वर्षांची. त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत लोकांस पुढे ठेवावयाचे. मुदत संपण्यापूर्वी अपवादात्मक कारणावाचून आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही.

योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत एक जुनी गोष्ट नव्या रूपात दिसते. पूर्वी शिपायास घरी जावयाचे असे आणि सरकार त्यास अडवी; आता पुष्कळ शिपायांस राहावयाचे असते आणि चार वर्षांनी सरकार त्यांस निरोप देते. आधी जाता येत नाही, नंतर राहता येत नाही. परतीची मुदत येथे निश्चित आहे, ही चांगली बाजू. पण परतल्यानंतर त्या तरुणाचे पुढे काय, याचे समाधानकारक उत्तर मिळाले तरच जुन्या काळातील बंद आणि मुदत यांचा मेळ पुन्हा बसेल.

उपसंहार

या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात सांगतो. कुचाचा हुकूम झाल्यावर शिपायाने मागे फिरू नये, हे आम्हांस मान्य आहे. ज्या घराने नालबंदी घेतली त्याने शब्द पाळावा, हीच आपल्या वडिलांची शिकवण होय. परंतु शब्द दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो. पगार वेळेवर, रजेची आणि परतीची मुदत ठरलेली, मागे राहिलेल्यांची बालपरवेशी आणि भरतीची दारे सर्वांस खुली, एवढे राज्याने सांभाळले तर शिपायाला अडवून ठेवण्याची पाळी क्वचितच येते. उदगीरनंतरची घाई, कंटिंजंटची थकलेली बाकी आणि रॉबर्ट्स साहेबाची यादी, या तिन्ही ठिकाणी चूक राज्यकर्त्यांची होती आणि भार शिपायाने वाहिला.

ज्ञातीतील कुटुंबांस एक विनंती आहे. पुष्कळ घरांत जुन्या पेटीत मोडी कागद असतात, पलटणीचा नाव कमी केल्याचा दाखला असतो, पेन्शनचे पुस्तक असते, महायुद्धातले पदक असते. रणात पडलेल्या माणसाची आठवण घर ठेवते. चाकरी पुरी करून मुकाट्याने शेतावर परत आलेल्या माणसाची आठवण कोणी ठेवत नाही. असे कागद असतील तर त्यांच्या नकला करून ठेवाव्या आणि घरातील वृद्धांकडून कोण केव्हा भरती झाला, केव्हा परतला, रजा मिळाली की नाही, बाकी चुकती झाली की नाही, हे लिहून घ्यावे. आणि ज्या घरांतील मुले आज फौजेत आहेत किंवा जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी भरतीच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही करावी. नालबंदी हातात घेताना आपल्या पूर्वजांसही हेच करावे लागे.